सुईला सोसेल इतकाच दाब : कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी इलेक्ट्रिक फ्युएल पंप कसा निवडावा

मे महिन्याच्या दुपारी पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली जुनी गाडी खंबाटकीच्या चढावर आचके देऊ लागते, पेट्रोल संपल्यासारखी मरगळते आणि शेवटी वळणाच्या कडेला बंद पडते. चालक बॉनेट उघडतो, पाण्याच्या बाटलीत भिजवलेला फडका पंपावर टाकतो, दहा मिनिटे थांबतो आणि गाडी काहीच न झाल्यासारखी पुन्हा सुरू होते. आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे आणि तिच्या डॅशबोर्डाखालच्या खणात असा एक फडका कित्येक वर्षे कायमचा ठेवलेला होता. तो फडका आता तिथे नाही, कारण टाकीजवळ बसवलेला एक लहानसा इलेक्ट्रिक पंप आता ते काम करतो. मात्र योग्य पंपापर्यंत पोहोचण्याआधी एक चुकीचा पंप बसवून झाला होता, आणि ती चूक केवळ खर्चाची नव्हती, तर गाडी पेटवू शकेल अशी होती. हे लेखन त्या अनुभवातून आले आहे. पद्मिनी, अँबेसेडर, पेट्रोल जीप, कार्ब्युरेटरची मारुती ८०० किंवा जिप्सी यांपैकी काहीही सांभाळणाऱ्याला ते उपयोगी पडावे अशी इच्छा आहे.

आधी दोष पंपाचाच आहे का ते पाहावे

या गाड्यांचा मूळ पंप यांत्रिक असतो. गॅरेजमध्ये आजही त्याला एसी पंप म्हणतात. यातले एसी हे कंपनीचे नाव आहे, वातानुकूलनाशी त्याचा संबंध नाही. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा त्याची दांडी हलवतो, दांडी रबरी डायफ्राम वरखाली करते आणि गाडीच्या मागच्या बाजूला असलेल्या टाकीतून पेट्रोल पुढे ओढले जाते. या रचनेत दोन गोष्टी उन्हाळ्यात विरोधात जातात. पंप तापलेल्या इंजिनाला बोल्टने जोडलेला असतो, आणि तो पेट्रोल ढकलत नाही तर तीन-एक मीटर लांबीच्या नळीतून ओढतो. ओढताना नळीतला दाब हवेच्या दाबाहून कमी होतो आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असून त्यातील हलके घटक ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात. चढावर कमी वेगात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाललेल्या इंजिनाजवळ तापमान त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असते. मग पंपात पेट्रोलऐवजी वाफ भरते, डायफ्राम ती वाफ नुसतीच दाबत आणि सैल सोडत राहतो आणि पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर कोरडा पडतो. ओल्या फडक्याने वाफेचे पुन्हा पेट्रोल होते, म्हणून तो उपाय तेवढ्यापुरता लागू पडतो.

तथापि गरम गाडी बंद पडण्याचे प्रत्येक कारण हेच असेल असे नाही, आणि ही तपासणी न करता पंप विकत घेणाऱ्यांची निराशा होताना मी पाहिली आहे. गाडी चालताना नीट असते, पण बंद करून चहा पिऊन आल्यावर सुरू होत नाही आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतो, असे असेल तर एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या घशात डोकवावे. तिथे पेट्रोल ठिबकत असेल तर फ्लोट चेंबरमधले, म्हणजे कार्ब्युरेटरच्या लहान हौदातले पेट्रोल खालच्या उष्णतेने उकळून बाहेर येत आहे. त्यावर इलेक्ट्रिक पंप हा उपाय नाही. कार्ब्युरेटरखाली बेकलाइटचा जाड स्पेसर म्हणजे मधला ठोकळा, आणि मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या तापणाऱ्या नळ्यांच्या वर पत्र्याची उष्णतारोधक ढाल लावावी लागते. याउलट घसा कोरडा असेल आणि पारदर्शक फिल्टरमध्ये पेट्रोलऐवजी बुडबुडे दिसत असतील, तर वाफ नळीत किंवा पंपात अडली आहे असे समजावे.

टाकीच्या झाकणाचे छिद्र बुजलेले असणे हा दुसरा नेहमीचा दोष होय. गाडी बंद पडताच झाकण उघडावे, आणि हवा आत ओढली जाण्याचा सुस्कारा ऐकू येऊन गाडी पुन्हा ठीक चालू लागली, तर दोन रुपयांच्या टाचणीने सुटणाऱ्या प्रश्नावर काही हजार खर्च करू नयेत. टाकी ते पंप या टप्प्यातली रबरी नळी चिरली असेल तरी लाइन हवा घेते, आणि ओढणीच्या बाजूची चीर पेट्रोल बाहेर गळू देत नसल्यामुळे ती नुसत्या डोळ्यांना सापडत नाही. त्या नळ्या वयाकडे पाहून सरसकट बदलाव्यात. शेवटी ऑइलची दांडी ओढून वास घ्यावा. पातळी वाढलेली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर डायफ्राम फाटून पेट्रोल इंजिनाच्या पोटात उतरत आहे. अशा वेळी इंजिन सुरूच करू नये, आधी ऑइल बदलावे.

गाडी फक्त शहरात चालत असेल, मूळ पंप शाबूत असेल आणि चांगल्या रबराचे डायफ्राम किट मिळत असेल, तर तेच टाकून घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. इलेक्ट्रिक पंपाचा खरा उपयोग घाटरस्त्यांवर आणि कडक उन्हात होतो. जी गाडी आठवडेच्या आठवडे उभी असते तिलाही तो फार सोयीचा ठरतो, कारण फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उडून गेल्यावर सेल्फ मारमारून ते भरण्याऐवजी पंप काही सेकंदांत चेंबर भरून देतो आणि बॅटरी व स्टार्टर दोन्ही वाचतात.

दाब : येथेच निवड ठरते

पंप घेताना लोक बहुधा त्याचा जोर विचारतात. विचारायचे असते ते कार्ब्युरेटरच्या सुईविषयी. फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल ठराविक पातळीला आले की फ्लोट वर उचलला जातो आणि एक छोटी सुई तिच्या बैठकीत जाऊन वाट बंद करते. ही वाट केवळ फ्लोटच्या तरंगण्याच्या बळावर बंद राहते. बैठकीचे छिद्र २ मिलिमीटर व्यासाचे धरले, तर ३ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, हे दाबाचे माप) दाबाचे पेट्रोल त्या सुईवर साधारण साडेसहा ग्रॅम वजनाइतका रेटा देते. फ्लोट आणि त्याची तरफ मिळून तेवढा रेटा सहज परतवतात. कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शनच्या म्हणजे एमपीएफआय गाडीतला पंप ३ बार, म्हणजे सुमारे ४३ पीएसआय दाब देतो आणि त्याच छिद्रावर तो रेटा ९५ ग्रॅमच्या घरात जातो. एवढ्या रेट्यापुढे पितळी किंवा प्लॅस्टिकचा पोकळ फ्लोट काहीही करू शकत नाही. सुई ढकलली जाते, चेंबर भरून वाहू लागतो आणि पेट्रोल इंजिनात किंवा बाहेर उतरते.

मोटरसायकलची टाकी कार्ब्युरेटरच्या जेमतेम वीत-दोन विती वर असते आणि तिथे पंप नसतोच. पेट्रोलच्या एक मीटर उंच स्तंभाचा दाब सुमारे १ पीएसआय भरतो, म्हणजे मोटरसायकल पाव-अर्ध्या पीएसआयवर आयुष्यभर चालते. कार्ब्युरेटरला किती थोडा दाब लागतो याचा याहून सोपा पुरावा दुसरा नाही. पंपाचा दाब हवा असतो तो मागच्या टाकीतून पेट्रोल वर चढवण्यासाठी, नळी आणि फिल्टर यांचा अडथळा पार करण्यासाठी आणि नळीतले पेट्रोल उकळू न देण्यासाठी.

व्यवहारात सोलेक्स आणि वेबर या कंपन्यांच्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरला २.५ ते ३.५ पीएसआय योग्य असतो. ब्रिटिश गाड्यांतल्या एसयू कार्ब्युरेटरला त्याहून कमी, दीड ते अडीचच्या आसपास पुरतो. हरिकेन इंजिनाच्या विलीज जीपचा मूळ यांत्रिक पंप अडीच ते पावणेचार पीएसआय देण्यासाठी बनवलेला होता. आठ सिलिंडरच्या अमेरिकन व्ही-८ गाड्यांवरचे होली कंपनीचे मोठे कार्ब्युरेटर ५ ते ७ पीएसआय सहन करतात, आणि परदेशी जाहिरातींतले बरेचसे पंप त्यांच्यासाठी असल्यामुळे ‘कार्ब्युरेटरचा पंप’ एवढेच शब्द वाचून खरेदी केली तर आपल्याकडच्या गाडीला तो दुप्पट दाबाचा ठरू शकतो. होलीचाच लाल रंगाचा प्रसिद्ध पंप जास्तीत जास्त ७ पीएसआय देतो, तर निळा १४ पीएसआयपर्यंत जातो आणि त्याला रेग्युलेटर लावावाच लागतो. पद्मिनीसाठी हे दोन्ही पंप गरजेपेक्षा फार मोठे आहेत.

माझी चूक इथेच झाली. काही वर्षांपूर्वी प्रवासात एसी पंप निकामी झाला आणि रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये मोडीत काढलेल्या एमपीएफआय गाडीचा पंप आमच्या गाडीला बसवण्यात आला. पंप जोरदार आहे, घाटात आता कधी अडणार नाही, असे मला सांगण्यात आले आणि मी ते मानले. चावी फिरवल्यावर काही क्षणांतच कार्ब्युरेटरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून पेट्रोलची बारीक ओली कड उमटली, मग तिचे थेंब झाले आणि ते थेंब अजून गरम असलेल्या मॅनिफोल्डवर पडून चुर्रकन वाफ होऊ लागले. मी चावी बंद केली, बॅटरीची केबल सोडली आणि सगळे थंड होईपर्यंत गाडीपासून दूर उभा राहिलो. ठिणगी पडली नाही, एवढेच. त्यानंतर रेग्युलेटर लावून दाब उतरवू असा पर्याय पुढे आला, तोही मी नाकारला आणि तो नाकारणे योग्य होते. कार्ब्युरेटरसाठी मिळणारे साधे रेग्युलेटर ५ ते १५ पीएसआयचा दाब ३ पर्यंत आणण्यासाठी असतात, ४० पीएसआय पेलण्यासाठी नव्हे. शिवाय पुढची वाट अडलेली असताना इंजेक्शनचा पंप सतत पूर्ण रेट्याने फिरत राहतो, तापतो आणि पेट्रोलही तापवतो.

म्हणून पंपाच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात वाट बंद असतानाचा कमाल दाब छापलेला आहे का हे आधी पाहावे. तो ३.५ पीएसआय किंवा त्याहून कमी असेल तर सोलेक्सच्या गाडीला रेग्युलेटरची गरज नाही, आणि एक जोड कमी म्हणजे गळतीची एक जागा कमी. दाब ४ ते ७ च्या दरम्यान असेल तर १ ते ४ पीएसआयच्या टप्प्यात फिरवता येणारा रेग्युलेटर पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये लावावा. मात्र त्याच्या चकतीवर कोरलेल्या आकड्यांवर न विसंबता मीटर लावून दाब मोजावा. ऑनलाइन मिळणाऱ्या अनेक स्वस्त चौकोनी पंपांवर फक्त ‘१२ व्होल्ट’ एवढेच लिहिलेले असते. ज्या पंपाचा दाब विकणाऱ्याला सांगता येत नाही तो पंप घेऊ नये.

किती पेट्रोल लागते

हा हिशोब सोपा आहे. पूर्ण ताकदीने चालणारे कार्ब्युरेटरचे इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण ०.३ लिटर पेट्रोल जाळते. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाची ४० अश्वशक्ती धरली तर तासाला १२ लिटर होतात, आणि सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्तीच्या हरिकेन इंजिनाला २२ लिटर लागतात. पंपावर छापलेला आकडा मात्र पुढे कोणताही अडथळा नसतानाचा असतो. प्रत्यक्ष दाबाखाली, फिल्टर आणि लांब नळी यांतून त्याचा बराच भाग कमी होतो. तरीही तासाला ६० ते १०० लिटर लिहिलेला लहान पंप या सर्व गाड्यांना भरपूर होतो. त्याहून मोठा पंप घेतल्याने गाडीची ताकद वाढत नाही, कारण फ्लोट चेंबर भरला की वाट बंदच होते.

पंपाचे प्रकार

सर्वांत जुना प्रकार म्हणजे एसयूचा डायफ्राम पंप, जो मॉरिस मायनरसारख्या ब्रिटिश गाड्यांत कारखान्यातूनच बसवलेला येत असे. विद्युतचुंबक डायफ्राम ओढतो, ओढ पूर्ण झाली की आतले पॉइंट उघडतात, स्प्रिंग डायफ्राम परत ढकलते आणि चक्र पुन्हा सुरू होते. त्याची टिक-टिक चेंबर भरेपर्यंत जलद असते आणि मग मंदावते. त्या आवाजावरून लाइनची प्रकृती कळते हा त्याचा मोठा गुण आहे. पॉइंट जळणे हा त्याचा दोष असून अडकलेल्या पंपाला पान्याच्या मुठीने हलकेच ठोकून पुन्हा चालू करण्याची युक्ती जुन्या चालकांना ठाऊक असते. मूळ स्वरूप जपायचे असेल तर हाच पंप दुरुस्त करून ठेवावा.

दुसरा प्रकार सॉलेनॉइड आणि दट्ट्या असलेल्या लहान पंपाचा असून फॅसेट कंपनीचे चौकोनी पंप त्याचे नमुनेदार उदाहरण आहेत. आत पॉइंट नसतात, इलेक्ट्रॉनिक मंडल दट्ट्याला पुढेमागे हलवते. एक-दोन अँपिअर करंटमध्ये काम होते आणि वाट बंद झाली की दट्ट्या आपोआप थांबतो. आमच्या गाडीत हाच आहे आणि साध्या चारचाकीसाठी मी हाच सुचवीन. यांतही दोन सोयी विचारून घ्याव्यात. एक म्हणजे पंप बंद असताना पेट्रोल मागे टाकीत न उतरू देणारा व्हॉल्व्ह, ज्यामुळे लाइन भरलेली राहते. दुसरी म्हणजे पंप बंद असताना पुढे जाणारा प्रवाहही पूर्ण थांबवणारी रचना, जी गाडी उतारावर तोंड खाली करून उभी राहत असेल आणि टाकीतली पातळी कार्ब्युरेटरच्या वर जात असेल तेव्हा फार महत्त्वाची ठरते.

तिसरा प्रकार फिरत्या पात्यांच्या मोटरचा. कार्टरचा पी४०७० हा त्यांतला नावाजलेला पंप तासाला ७२ अमेरिकन गॅलन, म्हणजे २७० लिटरच्या आसपास पेट्रोल देऊ शकतो. त्याचा दाब ६ पीएसआयपर्यंत जातो, आवाज सतत घुमत राहतो आणि करंटही अधिक लागतो. मोठ्या इंजिनाला तो शोभतो. ज्यांना तरीही तो वापरायचा असेल त्यांनी रेग्युलेटरबरोबर टाकीकडे परतीची नळीही घालावी, म्हणजे जास्तीचे पेट्रोल फिरत राहील, थंड राहील आणि वाफ टाकीत निघून जाईल.

पंपाच्या आतल्या रबराविषयी आज विशेष काळजी घ्यावी लागते. देशभर मिळणारे पेट्रोल आता ई२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला फुगवते आणि मऊ करते, टाकीत वर्षानुवर्षे बसलेला मळ सैल करून पुढे पाठवते आणि हवेतली ओल ओढून घेते. त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणीमिश्रित थर तळाशी साचू शकतो आणि पंपाला सर्वांत आधी तोच मिळतो. पंपाचे सील आणि डायफ्राम फ्लुओरोइलास्टोमरचे, म्हणजे बाजारात ज्याला व्हिटॉन म्हणतात त्या रबराचे असावेत. नळ्यांवर ‘एसएई जे३० आर९’ ही खूण छापलेली पाहून घ्यावी, कारण त्या प्रतीच्या नळीला आतून तसेच अस्तर असते.

कुठे आणि कसा बसवावा

इलेक्ट्रिक पंप ढकलण्यात बलवान आणि ओढण्यात दुबळा असतो. तो इंजिनाजवळ बसवला तर ओढणीची लांबी तशीच राहते, उष्णताही तशीच राहते आणि वाफेचा प्रश्न बहुतांशी कायम राहतो. पंप टाकीच्या शक्य तितका जवळ आणि टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीपेक्षा खाली असावा, म्हणजे पेट्रोल आपल्या वजनानेच त्याच्यापर्यंत येते आणि पुढची सगळी नळी दाबाखाली राहते. सायलेन्सरच्या नळीपासून त्याला दूर ठेवावे, चाकाने उडवलेला दगड लागणार नाही अशी आडोशाची जागा निवडावी, आणि पंप प्रवासी बसतात त्या भागात कधीही बसवू नये. चौकोनी पंप बाहेर पडणारे तोंड वर करून उभा बसवल्यास आतली हवा लवकर निघून जाते. रबरी बुशवर बसवला तर त्याची टकटक पत्र्यातून कानांपर्यंत येत नाही, मात्र रबरामुळे बॉडीशी विद्युतसंपर्क तुटतो, म्हणून अर्थची वायर स्वतंत्रपणे साफ केलेल्या पत्र्याला जोडावी.

पंपाच्या आधी फक्त जाडसर जाळीचा फिल्टर लावावा आणि बारीक कागदी फिल्टर पंपानंतर लावावा. बारीक फिल्टर ओढणीच्या बाजूला लावल्यास तो थोडा चोंदताच पंपाला पेट्रोल मिळेनासे होते आणि उकळण्याचा तोच जुना आजार टाकीपाशी सुरू होतो.

जुना एसी पंप वाटेत तसाच ठेवून त्यातून पेट्रोल पुढे नेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. मी तो कदापि देणार नाही. तसे केल्यास म्हाताऱ्या डायफ्रामवर आता मागूनही सतत दाब येतो आणि तो फाटला की इलेक्ट्रिक पंप निमूटपणे पेट्रोल ऑइलमध्ये ओतत राहतो. एसी पंप काढावा, इंजिनावरची ती जागा जाड पत्र्याची पट्टी आणि पॅकिंग लावून बंद करावी, आणि मधे स्वतंत्र दांडी असेल तर तीही काढून ठेवावी. काढलेला पंप मात्र टाकून देऊ नये. ज्या जुन्या विलीज जीपमध्ये याच पंपाचा दुसरा कप्पा वायपरला निर्वात पुरवतो, तिथे तो काढल्यावर वायपरची वेगळी सोय लागते.

वायरिंग आणि अपघातातील सुरक्षा

यांत्रिक पंपाचा एक गुण आपण सहसा मोजत नाही. इंजिन थांबले की तो थांबतो. इलेक्ट्रिक पंप मात्र चावी चालू आहे तोपर्यंत चालत राहतो, आणि अपघातात नळी तुटली तर तो पेट्रोल रस्त्यावर ओतत राहील. म्हणून पंप नुसता चावीला जोडणे पुरेसे नाही.

स्वस्त आणि विश्वासाचा उपाय ऑइल प्रेशरच्या स्विचवर आधारित आहे. डॅशबोर्डावरचा लाल दिवा ज्या स्विचवर चालतो तो ऑइलचा दाब नसताना अर्थ देतो आणि दाब आला की अर्थ तोडतो. पाच पिनांचा बदलता रिले, म्हणजे कॉइलला करंट मिळताच जोडणी बदलणारा विजेचा स्विच, घ्यावा. त्याच्या कॉइलचे एक टोक चावीच्या सप्लायला आणि दुसरे ऑइल स्विचच्या वायरला जोडावे. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला फ्यूजमधून चावीचाच सप्लाय द्यावा आणि पंप ८७ए पिनेवर, म्हणजे कॉइलला करंट नसताना ३० शी जोडलेल्या पिनेवर घ्यावा. इंजिन बंद असताना कॉइल ओढलेली राहते आणि पंपाची वाट तुटते, इंजिन सुरू होऊन ऑइलचा दाब आला की कॉइल सुटते आणि पंप चालू होतो. येथे ३० क्रमांकाला थेट बॅटरी दिली तर चावी काढल्यावरही पंप चालू राहील, ही चूक काटेकोरपणे टाळावी. ऑइल स्विचची वायर तुटली तर हे संरक्षण नाहीसे होते, पण त्याच वेळी चावी लावताच लाल दिवा लागत नाही, म्हणून तो दिवा रोज पाहण्याची सवय ठेवावी.

थंड गाडीत चेंबर आधी भरून घेण्यासाठी, हात काढताच सुटणारे एक पुश बटण चावीच्या सप्लायवरून थेट पंपाला द्यावे. काही जण त्याऐवजी स्टार्टरच्या सॉलेनॉइडची वायर पंपाला जोडतात, पण मधे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड नसेल तर चालू पंपाचा करंट उलटा जाऊन चालत्या इंजिनावर स्टार्टर गुंतू शकतो. याशिवाय धक्का बसताच सर्किट तोडणारा इनर्शिया स्विच मिळाला तर तोही मालिकेत घालावा. लहान पंपाला ५ अँपिअरचा फ्यूज आणि दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते.

गाडीत सीएनजी असेल तर पंपाचा सप्लाय चेंजओव्हर स्विचच्या पेट्रोलच्या बाजूवरून घ्यावा, अन्यथा सीएनजीवर चालतानाही पंप बंद वाटेवर रेटा देत राहतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असू शकते आणि सुरुवातीच्या जीप ६ व्होल्टच्या असत. इलेक्ट्रॉनिक पंप उलट्या जोडणीने कायमचा निकामी होऊ शकतो, म्हणून खरेदीपूर्वीच बॅटरीपाशी जाऊन हे पाहून घ्यावे.

बसवल्यानंतरची चाचणी

हे काम उघड्यावर, थंड इंजिनावर आणि शेजारी पावडरचा अग्निशामक ठेवून करावे. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडून ती लांब नेऊन खुणा असलेल्या भांड्यात सोडावी आणि बटण बरोबर एक मिनिट दाबून धरावे. ४० अश्वशक्तीच्या इंजिनाची पूर्ण गरज मिनिटाला २०० मिलिलिटर असते, म्हणून भांड्यात किमान ४०० ते ५०० मिलिलिटर यायला हवे. कमी आले तर फिल्टर, दुमडलेली नळी किंवा टाकीतली जाळी तपासावी. धारेत सुरुवातीनंतरही बुडबुडे येत राहिले तर पंपाआधीच्या एखाद्या जोडातून हवा शिरत आहे.

मग नळी परत जोडून कार्ब्युरेटरच्या अगदी जवळ टी आकाराचा जोड लावून ० ते १५ पीएसआयचा मीटर बसवावा. टायरचा मीटर इथे चालत नाही, कारण त्याच्या पट्टीवर ३ आणि ५ यांतला फरक धड वाचताच येत नाही. इंजिन बंद ठेवून बटण दाबावे, काटा एका जागी स्थिर झाला पाहिजे आणि तो ३.५ च्या पुढे जाता कामा नये. बटण सोडल्यावर काटा हळूहळू उतरावा. तो झर्रकन शून्यावर आला तर सुई नीट बसत नाही किंवा पंपाचा व्हॉल्व्ह मागे सोडतो आहे. त्यानंतर इंजिन सुरू करून दहा मिनिटे आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता ठेवावे आणि कार्ब्युरेटरच्या झाकणाच्या कडेवरून पांढरा कोरडा कागद फिरवावा. कागदावर ओला डाग आला, सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला किंवा आयडल जड होऊन गाडी पेट्रोल पिऊ लागली, तर पातळी वर चढली आहे. अशा वेळी आधी दाब मोजावा, तो योग्य असेल तरच सुई आणि तिची बैठक बदलावी.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व क्लिप पुन्हा आवळाव्यात आणि पंपानंतरचा फिल्टर उघडून पाहावा, कारण ई२० पेट्रोलने सैल झालेला टाकीतला गंज पहिल्या काही दिवसांतच त्यात येऊन बसतो. आमच्या गाडीत पहिला फिल्टर आठवड्याभरात तपकिरी झाला होता, दुसरा दोन महिने टिकला आणि तिसरा अजून स्वच्छ आहे. डॅशबोर्डाखालच्या खणात आता फडक्याच्या जागी एक सुटा रिले, ५ अँपिअरचे दोन फ्यूज आणि वीतभर आर९ नळी ठेवलेली असते.